गाठ लहान झाली, पण त्यातलं नेमकं काय गेलं?

लॅबमधल्या एका मित्राच्या मामांच्या छातीत, हृदयाच्या पुढच्या बाजूला गाठ सापडली. सुरुवात डोळ्यांपासून झाली होती. संध्याकाळ झाली की पापण्या आपोआप खाली यायच्या, जेवताना घास चावून जबडा दमायचा. तपासण्यांत मायस्थेनिया ग्रेव्हिस निघाला, मग सीटी स्कॅन, मग बायोप्सी, आणि रिपोर्टवर शब्द आला: थायमोमा. स्नायूंच्या अशक्तपणासाठी डॉक्टरांनी प्रेडनिसोलोन सुरू केलं. काही आठवड्यांनी पुन्हा स्कॅन केला तर गाठ चक्क लहान झालेली. घरात सगळे खूश. कॉलेज रोडवर चहा पिताना मित्राने विचारलं, "गोळ्यांनीच गाठ वितळतेय तर छाती उघडायची कशाला?" आणि पुरावा म्हणून एक पेपरही पाठवला.

आज तो पेपर वाचू. आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. पेशी वाढवते, मारते आणि मोजते, एवढंच माझं काम. पण या पेपरात अडचण आहे ती मोजण्याचीच, म्हणून बोलायचं धाडस करते.

पेपर २००४ चा, अमेरिकेतल्या लोहरर आणि सहकाऱ्यांचा, जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कोलॉजीतला. त्यामागची गोष्ट रंजक आहे. १९९७ साली इटलीतल्या डॉक्टरांनी एकाच रुग्णाची हकीकत छापली होती. थायमोमा होता आणि सोबत शरीराने लाल पेशी बनवणंच थांबवलं होतं. ऑक्ट्रिओटाइड आणि प्रेडनिसोन यांच्या जोडीने त्याची गाठही गेली आणि रक्तही सुधारलं. त्यावरून ही ट्रायल उभी राहिली. ऑक्ट्रिओटाइड स्कॅनवर ज्यांची गाठ उजळते असेच रुग्ण घेतले. पहिले दोन महिने फक्त ऑक्ट्रिओटाइड. गाठ आटली तर तेच पुढे चालू, जैसे थे राहिली तर जोडीला प्रेडनिसोन. मोजता येण्याजोगे ३८ रुग्ण. २ जणांत गाठ पूर्ण नाहीशी, १० जणांत बरीच लहान.

म्हणजे जवळपास तिघांत एक. इतर उपचार करून झालेल्या रुग्णांसाठी हे वाईट नाही. पण आत शिरून बघा. नुसत्या ऑक्ट्रिओटाइडवर प्रतिसाद दिला चौघांनी. उरलेल्या आठ जणांची गाठ लहान झाली ती प्रेडनिसोन जोडल्यावर. आणि फक्त प्रेडनिसोन दिलेला गट ट्रायलमध्ये नाहीच! मग श्रेय कुणाचं? दोघांच्या जोडीचं, की एकट्या स्टिरॉइडचं?

हा नुसता हिशेबाचा वाद नाही. थायमोमाची गाठ ही दोन प्रकारच्या पेशींची खिचडी असते. कॅन्सर आहे तो एपिथेलियल पेशींचा. त्यांच्या भोवती जमलेले लिम्फोसाइट्स कॅन्सरचे नसतात, ते थायमसमध्ये शिकायला आलेले अपरिपक्व टी-पेशी. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ए, एबी, बी१, बी२, बी३ असे प्रकार आहेत. बी१ मध्ये लिम्फोसाइट्स खच्चून भरलेले, ए आणि बी३ मध्ये कमी. आणि हे कोवळे लिम्फोसाइट्स स्टिरॉइडपुढे अजिबात टिकत नाहीत. उंदराला डेक्सामेथासोन दिलं की दोनेक दिवसांत त्याचा थायमस आक्रसतो. वायली यांनी १९८० मध्ये नेचरमध्ये दाखवलं की स्टिरॉइड दिलेल्या थायमसच्या पेशी आपला डीएनए ठरावीक मापाचे तुकडे करून कापतात. एम.एस्सी.ला जेलवर ती शिडीसारखी नक्षी बघितली तेव्हा फोटो काढून आईला पाठवला होता. (तिचं उत्तर: "जेवलीस का?")

तर स्कॅनवर गाठ अर्धी झाली याचा अर्थ कॅन्सरच्या पेशी अर्ध्या मेल्या, असा होईलच असं नाही. कदाचित गर्दी पांगली आणि मूळ पेशी तिथेच बसल्यात. मोजपट्टीला हा फरक कळत नाही. उलट बाजूही सांगायला हवी: एपिथेलियल पेशींवरही ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर सापडतात, त्यामुळे स्टिरॉइडचा त्यांच्यावर काहीच परिणाम नाही असं मी म्हणणार नाही. तक्रार एवढीच की या ट्रायलची रचना हा फरक करू शकत नाही. आजार इतका दुर्मीळ आहे की ३८ रुग्ण जमवणं हेच मोठं काम, हे मान्य. पण म्हणून "गोळ्यांनी गाठ वितळते" हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. लेखकांनी तो काढलेलाही नाही, तो माझ्या मित्राने काढला.

आता दुसरी गोष्ट, माझ्या मते जास्त महत्त्वाची. थायमोमात माणसाला धोका नेहमी गाठीपासूनच असतो असं नाही. बिघडलेल्या थायमसमधून नीट न शिकलेल्या टी-पेशी बाहेर पडतात आणि आपल्याच शरीरावर उठतात. मायस्थेनिया आपल्याला अमिताभ बच्चन यांच्यामुळे ऐकून माहीत आहे. मायस्थेनियाच्या रुग्णांपैकी साधारण १० ते १५ टक्क्यांतच थायमोमा सापडतो, पण थायमोमाच्या बाजूने बघितलं तर तिघांत एकाला किंवा त्याहून जास्त जणांना मायस्थेनिया असतो. मग गुड सिंड्रोम, १९५४ मध्ये रॉबर्ट गुड यांनी नोंदवलेला, ज्यात अँटिबॉडीच कमी पडतात आणि गाठ काढली तरी त्या सहसा परत येत नाहीत. आणि लाल पेशींची निर्मिती थांबणं, म्हणजे प्युअर रेड सेल अप्लेशिया.

या शेवटच्या आजारावर जपानी गटाचा २००८ चा पेपर आहे, ४१ रुग्णांचा. त्यातल्या १६ जणांना रक्ताचा त्रास सुरू झाला तो थायमस काढल्यानंतर, तोही बऱ्याच वर्षांनी! म्हणजे गाठ गेली, पण तिने बिघडवलेल्या पेशी शरीरात फिरतच राहिल्या. पहिला उपचार म्हणून सायक्लोस्पोरिन दिलेल्या २० पैकी १९ जणांना गुण आला, स्टिरॉइड दिलेल्या १३ पैकी ६ जणांना. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते, त्यामुळे थेट तुलना जपूनच करावी. तरी मुद्दा कळतो: गाठीचं औषध आणि रक्ताचं औषध वेगळं असू शकतं, आणि "गाठ किती सेंटिमीटर" या रकान्यात यातलं काहीच दिसत नाही. आपल्याकडे आणखी एक गुंता. स्टिरॉइडबरोबर टीबी उफाळू नये म्हणून कधी कधी आयसोनियाझिड देतात, आणि आयसोनियाझिडनेही क्वचित हाच अप्लेशिया होतो.

मित्राचा पुढचा प्रश्न इम्युनोथेरपीचा होता. मुंबईच्या टाटा मेमोरियलची कमी डोसच्या निव्होलुमॅबची बातमी त्याने वाचली होती. ती ट्रायल खरंच चांगली आहे: डोक्या-मानेच्या कॅन्सरचे १५१ रुग्ण, तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम, आणि एक वर्ष जगणाऱ्यांचं प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर. पण थायमोमात हे औषध म्हणजे आधीच बिथरलेल्या टी-पेशींचा ब्रेक काढणं. कोरियातल्या २०१९ च्या पेम्ब्रोलिझुमॅब ट्रायलमध्ये थायमोमाचे सातच रुग्ण होते. दोघांची गाठ आटली. पाच जणांना प्रतिकारशक्तीशी निगडित गंभीर दुष्परिणाम झाले. अशा वेळी "प्रतिसाद २८.६ टक्के" ही ओळ मला दुय्यम वाटते. डोस कमी केला तर थायमोमातला धोका त्या प्रमाणात उतरतो का, हे टाटाच्या ट्रायलने तपासलेलं नाही, ते तिचं कामही नव्हतं.

मित्राला मी इतकंच सांगितलं की गाठ पूर्ण काढता येत असेल तर शस्त्रक्रिया हाच मुख्य उपचार आहे, गाठ आक्रसल्याने तो रद्द होत नाही, आणि बाकी त्यांच्या डॉक्टरांना विचार. मग सहज म्हणून मामांची फाईल चाळली. स्कॅनच्या मापांखाली घरच्यांनी लाल पेनने रेघा मारल्या होत्या. मागे तीन रक्ताचे रिपोर्ट टाचलेले, त्यांच्यावर एकही रेघ नाही. हिमोग्लोबिन ११.४, मग ९.८, मग ८.१. रेटिक्युलोसाइट काउंट तिन्हींत नव्हता. मित्राने तिथेच टपरीवरून मामींना फोन लावला आणि सोमवारच्या भेटीत ही तपासणी विचारायची म्हणून लिहून घ्यायला सांगितलं. मामींनी "रेटिक्युलो"चं स्पेलिंग तीनदा विचारलं.