योगवर्ग आणि विहार : एक चिकित्सा

भिवंडी हे यंत्रमागाचे शहर आहे. येथे उत्तर प्रदेश, बिहार व तेलंगणातून आलेले विणकर आहेत, मुस्लिम समाज बहुसंख्य आहे, आणि गोदामांच्या विस्ताराबरोबर वाढलेल्या वस्त्यांतून बौद्ध कुटुंबेही मोठ्या संख्येने राहतात. मागांचा खडखडाट, कापसाची धूळ, बारा-बारा तासांची पाळी या जीवनक्रमात शरीराला व मनाला विसावा मिळावा ही गरज स्वाभाविक आहे. या गरजेतूनच शहरात योगवर्ग निघाले, आणि आपल्या काही उपासिकाही सकाळी चटई घेऊन तिकडे जाऊ लागल्या. त्यावर आपल्यात दोन मते ऐकू येतात. योग हा ब्राह्मणी संस्कृतीचा भाग आहे, सबब बौद्धाने त्याला स्पर्शही करू नये, हे एक मत. योग म्हणजे निव्वळ व्यायाम, त्यात धर्माचा प्रश्नच नाही, हे दुसरे. ही दोन्ही मते चिकित्सेच्या कसोटीवर अपुरी पडतात, असे आम्हांस वाटते.

प्रथम पहिल्या मताचा विचार करू. आसनांची जी पद्धती आज योगवर्गात शिकविली जाते ती फार प्राचीन नाही. पतंजलीच्या योगसूत्रांत आसनाविषयी अवघी तीन सूत्रे आहेत, आणि तेथे आसन म्हणजे स्थिर व सुखकर बसणे एवढाच अर्थ अभिप्रेत आहे. उलट मैत्री, करुणा, मुदिता व उपेक्षा या ज्या चार भावना पतंजलीने चित्तप्रसादासाठी सांगितल्या, त्या पाली निकायांतील ब्रह्मविहारच होत. हठयोगाच्या साधनांचे वर्णन करणारा सर्वांत जुना उपलब्ध ग्रंथ म्हणून अलीकडच्या संशोधकांनी पुढे आणलेला ‘अमृतसिद्धी’ हा अकराव्या शतकातील ग्रंथ वज्रयानी बौद्ध परिसरात रचला गेला, असा निष्कर्ष जेम्स मॅलिन्सन यांनी काढला आहे. वर्गाच्या रूपातील आसनशिक्षण तर विसाव्या शतकातले. मुंबईत योगेंद्र यांनी 1918 साली व लोणावळ्यास कुवलयानंद यांनी 1924 साली संस्था काढल्या. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्याच सुमारास सूर्यनमस्काराचा प्रचार केला. बी. के. एस. अय्यंगार यांची पुण्यातील संस्था 1975 साली उभी राहिली. या घडणीत पाश्चात्त्य व्यायामपद्धतींचाही वाटा होता, हे मार्क सिंगल्टन यांनी 2010 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखविले आहे. तेव्हा योगावर एकाच परंपरेची मालकी सांगणे इतिहासाला धरून नाही. ती मालकी सांगणाऱ्यांना आपण विरोध करावा. त्यांचा दावा मान्य करून मागे सरू नये.

परंतु म्हणून दुसरे मतही स्वीकारता येत नाही. वर्ग मंत्रोच्चाराने सुरू होतो, सूर्यनमस्काराच्या प्रत्येक आवृत्तीबरोबर सूर्याची नावे घेतली जातात, गुरुपूजनाचा दिवस साजरा होतो. अशा ठिकाणी हा निव्वळ व्यायाम आहे असे म्हणणे म्हणजे डोळे मिटून घेणे होय. देवदेवतांचे पूजन न करण्याची प्रतिज्ञा आपण 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूर येथे घेतली. जिथे तिचा भंग होतो तिथे आपल्या भगिनींनी विनयाने पण स्पष्टपणे गप्प राहावे. ज्या शहराने 1970 व 1984 साली दंगलींची होरपळ सोसली, तेथे शेजारच्या मुस्लिम विणकराला संकोच वाटावा असा उपक्रम ‘सर्वांसाठी खुला’ म्हणविणेही प्रामाणिकपणाचे नाही.

खरा प्रश्न मात्र याहून खोल आहे, आणि तो बाबासाहेबांनीच आपल्यापुढे ठेवला आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा त्यांचा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर 1957 साली प्रसिद्ध झाला. त्यात सिद्धार्थाच्या शोधाचे वर्णन करताना ते ध्यानमार्गाला बगल देत नाहीत. श्वासावर नियंत्रण ठेवणाऱ्या संप्रदायांची ते तपशिलाने माहिती देतात: आनापानसती मानणारा एक, पूरक-कुंभक-रेचक अशी प्राणायामाची विभागणी करणारा दुसरा, आणि समाधीचा तिसरा. आलार कालाम व उद्दक रामपुत्त यांच्याकडे गौतम शिकला, त्यांच्या विद्येत पारंगत झाला, आणि तरीही तेथे थांबला नाही. मगधात तर त्याने श्वास सर्वस्वी रोखण्याचा अभ्यास केला. त्यात कानातून तीव्र ध्वनी निघू लागले, डोके धारदार सुरीने भोसकल्यासारखे झाले. ज्याला प्राणायाम म्हणजे सर्वरोगहर औषध वाटते त्याने हे प्रकरण अवश्य वाचावे. मज्झिम निकायातील महासच्चक सुत्तातही हा अनुभव आलेला आहे; बाबासाहेबांनी तो गाळला नाही, कारण बुद्धाने योग न शिकताच नाकारला असे कोणी म्हणू नये.

मग बुद्धाने काय नाकारले? अष्टांगिक मार्गाच्या विवरणात बाबासाहेब समाधी आणि सम्यक समाधी यांत भेद करतात. नुसती समाधी चित्तातील अडथळे तात्पुरते दूर करते. ती नकारात्मक आहे. सम्यक समाधी चित्ताला कुशलाचा विचार करण्याची सवय लावते. हा भेद योगवर्गाला लावून पाहावा. तासाभराने शरीर हलके होते, मन शांत होते, हे खरे. ते तुच्छ नाही. परंतु त्या शांत मनाने घरी परतलेला मालक यंत्रमागावरील कामगाराची मजुरी वेळेवर देतो काय? शेजारी चटई टाकणाऱ्या बाईची जात मनात आल्यावर त्या मनाला स्वतःची लाज वाटते काय? हे प्रश्न वर्गात विचारले जात नाहीत. ते विचारणे हे शिक्षकाचे कामही मानले जात नाही. तिथे शील हा विषय नाही. तिथे शुल्क भरणारा विद्यार्थी आणि विद्या देणारा गुरू एवढेच नाते आहे.

त्याच ग्रंथाच्या प्रास्ताविकात बाबासाहेबांनी चार प्रश्न उपस्थित केले आहेत. शेवटचा प्रश्न भिक्खूविषयीचा आहे: भिक्खू हा परिपूर्ण पुरुष व्हावा की समाजसेवक? केवळ स्वतःची पूर्णता साधणारा भिक्खू स्वार्थी ठरेल, आणि धम्मप्रसाराला त्याचा उपयोग होणार नाही, असे त्यांचे मत होते. शरीर व मन सुडौल करण्याची साधना याच निकषाने तपासली पाहिजे. विनयपिटकातील आजारी भिक्खूची कथा आपणांस ठाऊक आहे. अतिसाराने पीडित, आपल्याच मळात पडलेल्या त्या भिक्खूला कोणी पाहत नव्हते. तथागतांनी आनंदासह त्याला स्वतः आंघोळ घातली, आणि भिक्खूंना समजाविले की येथे तुमची सेवा करण्यास आई-बाप नाहीत, तुम्हीच एकमेकांची सेवा करावयाची आहे. संघ या शब्दाचा अर्थ या प्रसंगात आहे. सहजीवन म्हणजे एकाच वेळी एकाच खोलीत श्वास घेणे नव्हे.

येथवर आपण योगवर्गाची चिकित्सा केली. आता तीच चिकित्सा आपल्या विहारांची केली पाहिजे, अन्यथा हे लेखन एकांगी होईल. उपासिका योगवर्गाला का जातात? कारण तो रोज उघडतो. ठरलेल्या वेळी कोणीतरी शिकविणारा हजर असतो. चुकले तर सुधारून सांगतो. चार दिवस न आलेल्याची चौकशी होते. दिवसभर घरात मजुरीचे काम करणाऱ्या स्त्रीला तो तास स्वतःचा वाटतो. आपली कित्येक विहारे मात्र बुद्धपौर्णिमा, 14 एप्रिल, 14 ऑक्टोबर आणि 6 डिसेंबर एवढ्याच दिवशी गजबजतात. एरवी दाराला कुलूप असते आणि किल्ली कोणाकडे यावरून समितीत दोन तट असतात. ज्याच्या घरात दिवा नाही त्याने शेजाऱ्याच्या दिव्याला दोष देऊ नये.

या परिसराला वेगळी परंपरा होती. खाडीपलीकडच्या कल्याणच्या व्यापाऱ्यांनी कान्हेरीच्या लेण्यांना दाने दिली. भिक्खूंच्या चीवरांसाठी कायमस्वरूपी ठेवी ठेवल्याचे तेथील शिलालेख सांगतात. भिवंडीजवळ लोनाडचे बौद्ध लेणे आजही उभे आहे. अध्ययन, निवास आणि दान यांना जोडणारी संस्था म्हणून या भूमीने विहार पाहिले आहेत.

तेव्हा काय करावे? शरीराची काळजी आपल्याला परकी नाही. सतिपट्ठान सुत्ताचा आरंभच कायानुपश्यनेने होतो. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत. त्यांत निरोगीपणा, अन्नपचन आणि समाधी दीर्घकाळ टिकणे हेही आहेत. विहार रोज सकाळी एक तास उघडावे. त्यात चंक्रमण असावे, आनापानसती असावी, ज्याला जमेल त्याने आसनेही करावीत; मंत्राची गरज नाही, शुल्काचीही नाही. त्यानंतर ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ यातील एक प्रकरण वाचून त्यावर प्रश्न विचारले जावेत, आणि उत्तर न पटल्यास तसे म्हणण्याची मुभा असावी. संध्याकाळी तीच जागा मुलांच्या अभ्यासाला द्यावी. कोण आजारी आहे, कोणाचे काम सुटले आहे, याची विचारपूस तेथेच व्हावी, आणि शेजारचा मुस्लिम विणकर आला तर त्यालाही जागा असावी.

एवढे झाले तर आपल्या भगिनी योगवर्गाला जातात की नाही हा वादाचा विषयच राहणार नाही. ज्यांना जायचे त्या जातील, पण काय घ्यावे व काय सोडावे हे त्यांना कळलेले असेल. एवढे झाले नाही, तर योगवर्गावर कितीही टीका केली तरी तिचा उपयोग नाही. कुलपाची किल्ली आपल्याच हाती आहे.