बायबलमधील जलप्रलय : स्थानिक की जागतिक? – एक चिकित्सा

प्रस्तावना :
बायबलच्या जुन्या करारातील 'उत्पत्ती' या ग्रंथाच्या सहाव्या ते नवव्या अध्यायांत नोहाच्या काळातील जलप्रलयाची कथा येते. हा प्रलय संपूर्ण पृथ्वीवर झाला की एका प्रदेशापुरता मर्यादित होता, हा प्रश्न वरवर भूशास्त्राचा वाटत असला तरी मुळात तो अर्थनिर्णयनाचा प्रश्न आहे. मनुष्यवस्तीपुरताच प्रलय मानणे पुरेसे आहे, असे मत एडवर्ड स्टिलिंगफ्लीट याने १६६२ मध्येच मांडले होते. उलट व्हिटकॉम्ब आणि मॉरिस यांनी १९६१ च्या आपल्या ग्रंथात जागतिक प्रलयाचा हिरिरीने पुरस्कार केला. या दोन्ही भूमिका तपासून पाहणे आवश्यक ठरते.

शब्दार्थाचा आधार :
स्थानिक मताचा मुख्य आधार 'एरेत्स' हा हिब्रू शब्द होय. त्याचे 'पृथ्वी', 'देश' व 'भूमी' असे तिन्ही अर्थ होतात. मराठी बायबलमध्येही प्रलयकथेत 'पृथ्वी', तर अब्राहामाच्या स्थलांतराच्या प्रसंगी 'देश' असे त्याचे भाषांतर आढळते. मात्र केवळ एका शब्दाच्या अनेकार्थतेवर निर्णय देता येत नाही. आकाशाखालील सर्व उंच पर्वत बुडाले, असे सातवा अध्याय सांगतो. प्रलय स्थानिक असता तर नोहाला अब्राहामाप्रमाणे अन्यत्र जाता आले असते. पक्ष्यांना तारवात घेण्याचे प्रयोजनही उरले नसते. शिवाय असा प्रलय पुन्हा येणार नाही, हे नवव्या अध्यायातील अभिवचन स्थानिक अर्थाने निरर्थक ठरते. कारण प्रादेशिक महापूर त्यानंतरही येतच राहिले आहेत.

भौतिक पुरावा :
जागतिक मताची अडचण याहून गंभीर आहे. आजचा ८,८४९ मीटर उंचीचा एव्हरेस्ट बुडवावयाचा तर महासागरांतील एकूण पाण्याच्या तिपटीहून अधिक पाणी लागेल. पर्वत प्रलयानंतर उंचावले, असे उत्तर यावर दिले जाते. परंतु कथेत त्याचा उल्लेख नाही. म्हणजे अक्षरनिष्ठेचा दावा करणाऱ्यांनाही संहितेत स्वतःची भर घालावी लागते. अंटार्क्टिकामधील सुमारे ८ लाख वर्षांचा हिमस्तरांचा सलग क्रम या कल्पनेस छेद देतो. प्रलयाचे अवशेष सापडल्याचे १८२३ मध्ये प्रतिपादन करणारा विल्यम बकलंड हा स्वतः धर्मोपदेशक होता. तरीही १८३६ मध्ये त्याने ते मत मागे घेतले.

स्थानिक पुराव्याचीही परीक्षा झाली आहे. लेनर्ड वुली यांना १९२९ मध्ये उर येथे गाळाचा जाड थर आढळला. पण मेसोपोटेमियातील अन्य नगरांतील पूरथर त्याच काळाचे नाहीत. त्यामुळे तेथे वारंवार महापूर येत एवढेच सिद्ध होते, नोहाचा प्रलय सिद्ध होत नाही. मात्र जॉर्ज स्मिथ याने १८७२ मध्ये गिल्गमेश महाकाव्यातील प्रलयकथा प्रकाशात आणल्यापासून बायबलमधील कथेचे मेसोपोटेमियन नाते स्पष्ट झाले आहे.

संहितेचे विश्व :
'उत्पत्ती'च्या पहिल्या अध्यायात ईश्वर अंतराळ निर्माण करून वरचे व खालचे जल विभक्त करतो. प्रलयात अगाध जलाचे झरे फुटतात आणि आकाशाची द्वारे उघडतात. म्हणजेच ती विभागणी नष्ट होऊन सृष्टी आरंभीच्या जलमय अवस्थेकडे परतते. पुढे पृथ्वीवर वारा वाहतो, जल ओसरते आणि नवा आरंभ होतो. ही सृष्टीच्या विसर्जनाची आणि पुनर्रचनेची कथा आहे. तिच्या विश्वात प्रलय सार्वत्रिकच आहे. परंतु ते विश्व आधुनिक भूगोलातील पृथ्वीगोल नव्हे.

निष्कर्ष :
स्थानिक मत विज्ञानाचा मान राखते, पण कथेचा आशय आकुंचित करते. जागतिक मत कथेची व्याप्ती ओळखते, पण तिला भूशास्त्रीय अहवालाचे रूप देते. कथेचे सत्य भौतिक घटनेच्या सिद्धतेवरच अवलंबून आहे, हे दोन्ही मतांचे समान गृहीतक होय आणि तेच सदोष आहे. प्रलय कथेत सार्वत्रिक आहे, इतिहासात त्यामागे मेसोपोटेमियातील महापुरांची स्मृती संभवते, आणि भूशास्त्रात जागतिक प्रलयास आधार नाही. ही तीन विधाने परस्परविरोधी नाहीत. त्यांची गल्लत टाळणे हेच धर्मग्रंथाच्या आणि विज्ञानाच्याही अभ्यासकाचे कर्तव्य ठरते.