शिलालेखाचा उत्तरार्ध

प्रवासवर्णनाचे परीक्षण करण्याची आपल्याकडे रीत आहे, प्रत्यक्ष प्रवासाचे परीक्षण मात्र सहसा कोणी करीत नाही. वास्तविक आजकालच्या आखीव सहलीला एक कर्ता असतो. काय दाखवायचे, कोणत्या क्रमाने दाखवायचे, कोठे रेंगाळायचे आणि काय वगळायचे हे प्रवासी घराबाहेर पडण्यापूर्वीच कोणीतरी ठरवून ठेवलेले असते. ग्रंथकर्त्याचे काम याहून फारसे निराळे नसते. म्हणून जानेवारी २०२४ मध्ये कंबोडियात जी सहा दिवसांची सायकल-सहल मी केली, तिचे परीक्षण एखाद्या पुस्तकासारखे करावे असे मनात आले. सहल काढणाऱ्या संस्थेचे नाव देण्याचे प्रयोजन नाही. अशा सहली तेथे अनेक संस्था काढतात आणि त्यांचे आराखडे थोड्याफार फरकाने सारखेच असतात.

आराखडा असा. सिएम रीप येथे मुक्काम ठेवून पहिले चार दिवस अंकोर परिसर, पाचव्या दिवशी पूर्वेकडे बेंग मेलिया, सहाव्या दिवशी कांपोंग थोम प्रांतातील सांबोर प्रेई कुक. रोज तीस ते पन्नास किलोमीटर सायकल, मागून पाणी आणि फळे घेऊन येणारी गाडी, दमेल त्याने गाडीत बसावे. मुलूख ताटासारखा सपाट आहे, त्यामुळे साठी उलटलेल्या माणसालाही फारसे जड जात नाही. आमच्या दहाजणांच्या गटात पुण्या-नागपूरचे सहा, इंदूरचे आम्ही दोघे आणि दोघे गुजराती गृहस्थ होते.

या रचनेचा पहिला आणि मोठा गुण म्हणजे तिची गती. मराठीतील प्रवासलेखन पायी चालणाऱ्यांनी सुरू केले. १८५७ च्या धामधुमीत आपल्याच माळव्यातून गेलेल्या गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' आजही ताजा वाटतो, याचे एक कारण त्या चालीत आहे. वाहनाचा वेग वाढला तशी आपली प्रवासवर्णने स्थळांची यादी होत गेली. सिएम रीपच्या हॉटेलातून मोटारीने निघालेला प्रवासी पाव तासात अंकोर वाटच्या खंदकाशी उतरतो आणि मंदिर त्याच्यापुढे एकदम चित्रासारखे उभे राहते. सायकलवाल्याला आधी भाताची खाचरे लागतात, मग बांध, तळी, ताडाची झाडे, खांबांवर उभी असलेली लाकडी घरे, घराखाली बांधलेली गुरे. मंदिर सर्वांत शेवटी येते, आणि आले तरी आजूबाजूच्या शेतीपासून तुटलेले वाटत नाही.

माझी नोकरी महसूल खात्यात गेली. बंधारा दिसला की देवळाआधी नजर तिकडे वळते, ही खोड निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. अंकोरमध्ये त्या खोडीचे चीज झाले. तेथील प्रचंड जलाशयांना 'बाराय' म्हणतात. अकराव्या शतकातील पश्चिम बाराय सुमारे आठ किलोमीटर लांब आणि दोन किलोमीटर रुंद आहे, आणि त्यात आजही पाणी असते. त्याच्या बांधावरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला सायकलने जाताना अर्धा तास सहज मोडतो. आकडा पुस्तकात वाचणे निराळे आणि मांडीच्या स्नायूंनी मोजणे निराळे. नवव्या शतकाच्या अखेरीस यशोवर्मन पहिला याने बांधवलेली पूर्व बाराय मात्र कोरडी आहे. तिच्या तळावर आता भात पिकतो, आणि एके काळी बेट असलेले पूर्व मेबोन मंदिर शेतात उभे आहे. आम्ही त्या सरोवराच्या तळातूनच सायकली चालवीत गेलो. ही जलाशयांची व्यवस्था सिंचनासाठी होती की मेरूभोवतीच्या सागराचे प्रतीक म्हणून, यावर विद्वानांचा वाद जुना आहे. १२९६-९७ मध्ये येथे राहून गेलेल्या चौ ताकुआन या चिनी माणसाने वर्षाला तीन-चार पिके निघत असल्याचे लिहून ठेवले आहे. २०१२ साली हेलिकॉप्टरमधून लेसर किरणांनी केलेल्या पाहणीत जंगलाखाली रस्ते, तळी आणि घरांचे चौथरे यांची आखीव जाळी दिसली. म्हणजे आज आपण ज्याला मंदिरांचे रान समजतो ते वस्तीने भरलेले शहर होते, आणि सायकलवरून ते समजणे सोपे जाते.

येथपर्यंत रचनाकाराला पैकीच्या पैकी गुण. दोष पुढे आहेत, आणि ते निवेदनात आहेत.

आमचा वाटाड्या तिशीचा, हुशार आणि विनोदी तरुण होता. पहिल्याच दिवशी त्याने हात जोडून सांगितले, "हे सारे तुमच्याच देशातून आलेले आहे." गटातील मंडळी सुखावली. पुढे प्रत्येक देवळापाशी तो विष्णू कोणता, शिव कोणता, समुद्रमंथन कोठे, कुरुक्षेत्र कोठे एवढेच सांगे. चौथ्या दिवशी ताडाच्या सावलीत बसलो असता मी त्याला विचारले की युरोपियन मंडळींना तू हेच सांगतोस का? तो हसला. त्यांना झाडांची मुळे दाखवायची आणि ता प्रोममध्ये कोणत्या चित्रपटाचे चित्रीकरण झाले ते सांगायचे, असा रिवाज आहे म्हणाला. म्हणजे ग्रंथ एकच, आवृत्त्या दोन. भारतीय आवृत्तीत ख्मेर माणूस जवळजवळ येतच नाही.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा लोलेई येथे मिळाला. रोलुओस भागातील हे मंदिर यशोवर्मनाने ८९३ मध्ये आपल्या आईवडिलांच्या व आजीआजोबांच्या स्मरणार्थ उभारले. विटांचे चार मनोरे आहेत, आवारात आजचा बौद्ध मठ आहे. हेही एके काळी तलावातील बेटच होते. आराखड्यात या स्थळाला जेवणाआधीची वीस मिनिटे दिलेली होती. मनोऱ्यांच्या दारांच्या दगडी चौकटींवर बारीक, सुबक, ओळीने मांडलेली अक्षरे आहेत. वाटाड्याने त्यांच्याकडे बोट दाखवून "संस्कृत, तुमची भाषा" असे सांगितले आणि मंडळी छायाचित्रे काढून जेवायला गेली. त्या चौकटींवर मंदिराच्या सेवकांच्या नावांच्या याद्या कोरलेल्या आहेत, आणि त्या ख्मेर भाषेत आहेत.

ज्यांना सरकारी दप्तराची सवय आहे त्यांना यातली गंमत चटकन कळेल. कंबोडियाच्या प्राचीन लेखांत भाषांची वाटणी बहुधा ठरलेली असते. देवाची स्तुती, राजाची वंशावळ, त्याचे पराक्रम हे संस्कृत श्लोकांत. जमीन किती, तिच्या चतुःसीमा कोणत्या, तांदूळ किती, सेवक कोण, हे ख्मेर गद्यात. जयवर्मन दुसरा याने ८०२ मध्ये राज्याची प्रतिष्ठापना केल्याचे ज्यावरून कळते, तो स्दोक काक थोम येथील अकराव्या शतकाच्या मध्यातील ३४० ओळींचा लेख असाच द्विभाषिक आहे. अपवाद आहेतच. ता प्रोमचा ११८६ चा लेख संस्कृतात असूनही त्यात हिशेब ठासून भरला आहे. त्या एका मंदिराच्या सेवेला ३,१४० गावे आणि ७९,३६५ माणसे लावून दिलेली होती आणि नर्तकी ६१५ होत्या, असे तो सांगतो. पण सामान्य रीत वर सांगितली तीच. सातव्या शतकापासूनच्या ख्मेर लेखांत सेवकांची नावे कुत्रा, मांजर, घाणेरडा अशा अर्थांचीही आढळतात. त्यामागे निव्वळ तिरस्कार होता असे घाईने म्हणू नये. आपल्याकडे दगडू आणि धोंडू ही नावे आयांनी जीव लावूनच ठेवलेली असत.

ही रीत आपल्याला परकी नाही. चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापिला. त्याचा शके ११२८ चा, म्हणजे १२०६ च्या सुमाराचा लेख प्रसिद्ध आहे. स्तुती आणि वंशवर्णन संस्कृतात, आणि मठाला कोणत्या मालावर किती उत्पन्न लावून दिले हे सांगण्याची वेळ आली की लेख मराठीत उतरतो. विद्येच्या भाषेला मान द्यावा आणि व्यवहार ज्याला कळायला हवा त्याच्या भाषेत लिहावा, हा शहाणपणा खानदेशात आणि अंकोरमध्ये सारखाच दिसतो. कालगणनासुद्धा दोन्हीकडे शकाचीच. आता पाटणच्या लेखावरून महाराष्ट्र ही कोणाची तरी वसाहत होती असे आपण म्हणत नाही. मग लोलेईच्या लेखावरून कंबोडियाला 'आपली वसाहत' कशाच्या आधारावर म्हणायचे?

हा शब्द आपण स्वतः घडवलेला नाही, आपल्या वाचनातून तो आलेला आहे. रमेशचंद्र मजुमदार यांनी १९२७ मध्ये चंपेवरील ग्रंथ 'सुदूर पूर्वेतील प्राचीन भारतीय वसाहती' या मालेत प्रसिद्ध केला. पारतंत्र्यातील सुशिक्षितांना तो अभिमान हवाच होता. जॉर्ज सेदेस यांनी १९४४ मध्ये 'हिंदूकृत राज्ये' अशी संज्ञा वापरली. भारतीय सैन्याने कंबोडिया जिंकल्याचा पुरावा कोणालाच सापडलेला नाही. पुढे १९८२ मध्ये ऑलिव्हर वॉल्टर्स यांनी प्रश्नच उलटा केला. भारताने काय दिले हे विचारण्याऐवजी तेथल्या माणसांनी काय निवडले आणि त्याचे काय केले, हे विचारावे असे त्यांचे म्हणणे. आपल्या मराठी प्रवासलेखनाला मात्र अजून मजुमदारांचीच आवृत्ती पुरते, आणि सहल-संस्थांनी ते बरोबर हेरले आहे.

तिसऱ्या रात्री नृत्याचा कार्यक्रम होता. ख्मेर रामायणात, 'रीमकेर' त्याचे नाव, हनुमान सेतू बांधीत असता रावणकन्या सुवर्णमत्स्या तो सेतू मोडू पाहते आणि अखेर हनुमानाच्या प्रेमात पडते. नृत्य फार गोड होते. पुण्याच्या एक बाई मात्र अस्वस्थ होऊन म्हणाल्या, "यांनी आपलं रामायण अगदी बिघडवून टाकलं हो." त्यांचा भाव मी समजू शकतो. पण 'बिघडवलेले' हा शब्द ऐकताच आम्ही दोघे इंदूरकर एकमेकांकडे पाहू लागलो, कारण तो आमच्या परिचयाचा आहे. आपली क्रियापदे हिंदीच्या वळणाची, आपल्या पोह्यांवर शेव आणि जिरावण, आपल्या मंगलाष्टकांनंतर मालव्याची गीते. संमेलनाला गेलो की कोणीतरी प्रेमाने आपली मराठी दुरुस्त करतेच. अडीचशेहून अधिक वर्षे एका मातीत राहिल्यावर भाषेला आणि घराला त्या मातीचा वास येणारच, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही, हे आपण आपल्या मुलांना सांगत आलो. तेच माप सुवर्णमत्स्येला लावायला हरकत नसावी. दोन्ही गोष्टींत फरकही आहे. आपले पूर्वज माळव्यात फौजेबरोबर आणि दप्तराबरोबर आले. कंबोडियात राम कोणाच्या फौजेबरोबर आला नाही. तेथल्यांना तो आवडला म्हणून त्यांनी ठेवून घेतला, आणि ठेवून घेतलेल्यावर त्यांचा हक्क अधिकच पक्का मानला पाहिजे.

हक्काचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. प्रेआ विहार हे डोंगरावरील शिवमंदिर आमच्या मार्गात नव्हते. ते कंबोडियाचे असल्याचा निर्णय आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९६२ मध्ये दिला, तो मुख्यतः फ्रेंचांच्या काळातील एका नकाशाच्या बळावर. नकाशा वेळेवर न हरकतता मान्य केला की पुढे काय होते, हे भूमापन खात्यातील कोणालाही शिकवावे लागणार नाही. २०२५ च्या जुलैत आणि पुन्हा डिसेंबरात थायलंड व कंबोडिया यांच्यात त्या सीमेवर माणसे मेली. मंदिर शिवाचे आहे म्हणून त्या भांडणात भारताचा हक्क कोणी मांडला नाही, हे ठीकच झाले.

सहलीतील सर्वांत गंभीर उणीव मात्र याहून निराळी आहे. १९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूजच्या राजवटीत पंधरा ते वीस लाख माणसे मृत्युमुखी पडली, असे साधारणतः मानले जाते. आमच्या सहा दिवसांत त्याबद्दल एक वाक्य आले, तेही वाटाड्याच्या आजोबांच्या संदर्भात, गाडीत बसताना. प्रवाशांचा आनंद झाकोळू नये, हा हेतू समजतो. पण ज्या सहलीने आम्हाला चार दिवस बांध आणि जलाशय दाखवले, तिला हे वगळता येत नाही. अंकोर वाटचे मनोरे त्या राजवटीच्या ध्वजावर होते. अंकोरच्या राजांनी पाणी अडवले तसे आपणही अडवू, हेक्टरी तीन टन भात काढू, या हट्टापायी उपाशी माणसांकडून कालवे आणि धरणे खोदवून घेतली. त्यांपैकी 'एक जानेवारी' नावाचे धरण कांपोंग थोम प्रांतातच आहे. तेथील अत्याचारांचा विचार आंतरराष्ट्रीय साहाय्याने चाललेल्या खास न्यायालयाने २०१८ च्या निकालात केला. आमची सहल त्याच प्रांतात संपली. सांबोर प्रेई कुकची सातव्या शतकातील ईशानपुरी, तिचे विटांचे अष्टकोनी मनोरे, रानातली शांतता हे सारे अविस्मरणीय होते. पण बांधाची गोष्ट दहाव्या-अकराव्या शतकातच थांबवून आम्हाला परत पाठवले गेले.

किरकोळ तक्रारी थोडक्यात. बांते स्रेईच्या वाटेवर ताडाचा गूळ करणारे घर दाखवतात. कढईजवळ उभे राहून उलथने हाती धरण्याचा प्रसंग छायाचित्रापुरताच मांडलेला असतो. गूळ विकत घ्यावा, उत्तम असतो. अंकोर वाटला सूर्योदयाच्या गर्दीत नेण्याचा अट्टहास सोडावा. बायोनच्या भिंतीवर बाजार, स्वयंपाक, कोंबड्यांची झुंज आणि बैलगाड्या कोरलेल्या आहेत, तेथे अर्धा तास अधिक द्यावा. तीन दिवसांचा परवाना ६२ डॉलरचा आहे, तो पुरतो.

परत आल्यावर संस्थेला मी सविस्तर पत्र लिहिले. लोलेईला वीस मिनिटांऐवजी दीड तास द्यावा, ख्मेर लेख वाचून दाखवणारा कोणी जाणकार बरोबर घ्यावा, आणि शेवटच्या दिवशी धरणापर्यंत सायकली न्याव्यात, अशा तीन सूचना केल्या. उत्तर तत्पर आणि विनयशील होते. दुसऱ्या व तिसऱ्या सूचनेचा विचार करू, असे त्यांनी कळवले. लोलेईबद्दल मात्र असे लिहिले की भारतीय प्रवाशांना जेवणाआधी इतका वेळ उन्हात उभे राहणे आवडत नाही, असा त्यांचा अनुभव आहे.