दुनळी बंदुकीची किंमत आणि ग्रीनरचं पुस्तक

समजा, राणीसावरगावच्या एखाद्या वाड्यात आजोबांच्या लायसनवरची बारा बोरची जुनी दुनळी निघाली. भावांत वाटणी आहे. बंदूक एकाकडेच जाणार, मग त्यानं बाकीच्यांना किती द्यायचे? आकडा चुकला तर कुणातरी भावाचं नुकसान आहे. तुम्ही संशोधनाची तयारी करताय, तर हा प्रश्न पुराव्याचा म्हणून बघा.

संदर्भ शोधायला गेलात की डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर यांचं ‘द गन अँड इट्स डेव्हलपमेंट’ भेटतंच. पहिली आवृत्ती १८८१ ची, नववी १९१० ची. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून दमास्कस नळी कशी घडते, प्रूफ म्हणजे काय, हे त्यात फार छान कळतं. माझी तक्रार वेगळी आहे. ग्रीनर स्वतः बर्मिंगहॅमचे बंदूक कारखानदार होते. ‘कसं बनतं’ यासाठी ते उत्तम साक्षीदार. पण ‘कोणती चांगली’ यावर त्यांचं मत म्हणजे दुकानदाराचं मत. आपण मात्र जाड पुस्तक दिसलं की दोन्ही एकाच विश्वासानं उचलतो!

शिवाय नावाला भाव असतो, तसा नळीच्या अवस्थेलाही असतो. नळीची जाडी मोजली का? आत गंजाचे खड्डे आहेत का? चेंबर ६५ मिलिमीटरचा की ७० चा? प्रूफ फक्त काळ्या दारूचं असेल तर आजचं काडतूस त्यात धोक्याचं. मग ती बंदूक शोभेची, आणि भावही तसाच.

आता बाजार. परदेशी लिलावातला आकडा रुपयांत बदलून इथं लावणं म्हणजे नमुना एका गावचा आणि निष्कर्ष दुसऱ्या गावचा. आपल्याकडे घेणाऱ्याजवळ लायसन हवं, विकणाऱ्यानं आधी लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबायचं. २०१९ च्या दुरुस्तीनं एका व्यक्तीची मर्यादा तीनवरून दोन शस्त्रांवर आली, म्हणजे विकणारे वाढले आणि घेणाऱ्यांचे हात बांधले गेले.

जाहिरातीतला आकडा ही मागणी असते, सौदा नव्हे. न विकलेली बंदूक महिनोन्‌महिने त्याच भावात दिसत राहते, विकलेली दिसेनाशी होते. त्यामुळे परवानाधारक विक्रेत्याला ‘केवढ्याला विकाल?’ विचारू नका. ‘हीच आज केवढ्याला घ्याल?’ असं दोन-तीन ठिकाणी विचारा आणि मोजमापाच्या नोंदीसह ते आकडे सगळ्या भावांसमोर ठेवा.