दोन विभाग, एक कोश

शिक्षणाला हिंदीत 'शिक्षा' म्हणतात आणि उर्दूत 'तालीम'. आपल्याला पहिला शब्द ऐकून छडी आठवते आणि दुसरा ऐकून लाल माती. दोन्ही शब्द मराठीत आहेत, फक्त अर्थ भलतीकडेच गेलेत. उत्तर भारताच्या साहित्यावर किंवा इतिहासावर पीएच.डी. करायचा विचार असेल, तर इथेच सावध व्हा. देवनागरी येते म्हणून हिंदी 'येतेच' असं आपण धरून चालतो, आणि उर्दूची लिपी येत नाही म्हणून ती 'दुसऱ्या कुणाची तरी' भाषा ठरवून टाकतो. मीही तेच केलं होतं.

माझ्या सिनॉप्सिसमध्ये प्रेमचंदांच्या 'सेवासदन'वर एक प्रकरण होतं. त्यातली संस्कृत वळणाची शब्दनिवड दाखवून मी लेखकाच्या भूमिकेबद्दल बरंच काही सिद्ध केलं होतं. समितीतल्या एका बाईंनी शांतपणे विचारलं, "ही कादंबरी त्यांनी आधी कुठल्या भाषेत लिहिली?" मला माहीत नव्हतं. ती आधी उर्दूत लिहिली गेली, 'बाज़ार-ए-हुस्न' या नावानं. छापून मात्र हिंदी रूप आधी आलं. म्हणजे ज्याला मी पहिली निवड समजत होतो, ती दुसरी होती. प्रकरण गेलं. आमच्याकडे हिंदी विभाग आणि उर्दू विभाग यांच्यात फक्त एक जिना आहे, पण एम.ए.ची दोन वर्षं मी तो चढलो नव्हतो. कुणी चढायला सांगितलंही नव्हतं.

त्यानंतर जे पुस्तक रोज उघडावं लागलं त्याबद्दल आज लिहितोय. जॉन टी. प्लॅट्स यांचा कोश, १८८४ सालचा. नावातच उर्दू, अभिजात हिंदी आणि इंग्रजी असे तिघे एकत्र आहेत. शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल दक्षिण आशिया ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर तो फुकट शोधता येतो. आपला मोल्सवर्थही तिथेच आहे.

प्लॅट्सची खरी ताकद मला 'नजर' या शब्दावर कळली. मराठीत आपण नजर आणि नजराणा दोन्ही एकाच 'ज'नं लिहितो. मी बरीच वर्षं समजत होतो की राजाच्या नजरेस पडावा म्हणून देतात तो नजराणा. उर्दूत 'ज़' या उच्चाराची चार अक्षरं आहेत: ज़ाल, ज़े, ज़्वाद आणि ज़ोय. पाहण्याची 'नज़र' ज़ोयनं लिहितात. अर्पण करण्याची 'नज़्र' ज़ालनं, आणि नजराणा तिचा. दोघींची अरबी मुळं वेगळी, त्यामुळे कोशातही त्या एकमेकींपासून लांब बसतात. देवनागरीत नुक्ता दिला तरी हा फरक दिसत नाही. म्हणून 'देवनागरीतून उर्दू' शिकवणाऱ्या पुस्तकांवर माझा फार विश्वास नाही. शेर ऐकायला ती पुरतात, पण व्युत्पत्तीवर एक वाक्य लिहायचं असेल तर नाही.

आता तक्रारी. प्लॅट्स शब्दाचं मूळ एका अक्षरानं सांगतो: अरबी, फारसी, संस्कृत, हिंदी. सोय मोठी आहे. पण देवनागरी रूप तो भारतीय मुळाच्या शब्दांनाच देतो. 'घर' दोन्ही लिप्यांत मिळेल; 'तालीम' फक्त फारसी लिपीत आणि रोमनमध्ये. आता, तालीम देवनागरीत लिहिणारे लोक नव्हते का? भरपूर होते. लिपी ठरते ती लिहिणाऱ्यावरून, शब्दाच्या कुळावरून नव्हे. दोन्ही भाषांना एका जिल्दीत बसवणारा हा कोश आतल्या आत त्यांची वाटणी करून ठेवतो. आपण मात्र ती वाटणी भाषेतच आहे असं समजून तक्ते करत बसतो, 'लेखकाचे इतके टक्के शब्द फारसी' वगैरे. असे तक्ते पाहिले की मला माझं गेलेलं प्रकरण आठवतं.

दुसरं, अर्थ नेमका कुठल्या लेखकाच्या वापरावरून घेतला हे प्लॅट्स सांगत नाही. आणि १८८४ नंतर घडलेली हिंदी त्यात अर्थातच नाही. म्हणून शेजारी मॅकग्रेगर यांचा १९९३ चा हिंदी-इंग्रजी कोश उघडा ठेवा. तो देवनागरीच्या क्रमानं जातो आणि 'तालीम'लाही रांगेत उभं करतो.

अमेरिकेतल्या काही विद्यापीठांत 'हिंदी-उर्दू' असा एकच प्राथमिक वर्ग असतो आणि दोन्ही लिप्या शिकवतात. ऐकून हेवा वाटतो. पण हे एकत्रपण बहुतेक बोलण्याच्या पातळीवर टिकतं. बाजार, कुटुंब, प्रवास यावर बोलताना भाषा एकच असते. समीक्षेचं पुस्तक हातात घेतलं की 'आलोचना' आणि 'तनक़ीद' अशा दोन वाटा फुटतात, आणि संशोधकाचं काम नेमकं तिथे सुरू होतं. त्यामुळे तिकडचा वर्ग आणला की आपला प्रश्न सुटेल असं नाही. आपल्याला जे एकत्र शिकायचंय ते वरच्या वर्गात आहे.

लिपीला घाबरू नका. अक्षरं ओळखायला काही आठवडे पुरतात. त्रास पुढे आहे, कारण छापील उर्दूत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. शब्द आधी माहीत असेल तरच तो वाचता येतो. इथे मात्र मराठी माणसाचं नशीब चांगलं: मजकूर, दप्तर, अर्ज, तारीख हे सगळं आपल्या तोंडात आधीच आहे. फक्त अर्थ तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. उर्दूत दफ़्तर म्हणजे कचेरी, पाठीवरचं ओझं नव्हे. आणि 'फ़ाज़िल' म्हणजे विद्वान! घरी सांगून बघा.

माझी पद्धत सोपी आहे. डावीकडे 'सेवासदन', उजवीकडे 'बाज़ार-ए-हुस्न', मध्ये प्लॅट्स. जिथे शब्द बदलला तिथे पेन्सिलची रेघ, आणि जिथे बदलला नाही तिथेही. सुरुवातीला एका पानाला दोन तास जायचे, आता पाऊण तास लागतो. दुसरं प्रकरण नव्यानं लिहायला घेतलंय. त्यातल्या टक्केवारीच्या तक्त्याची जागा सध्या रिकामी ठेवलीय.