व्यूह आणि वर्तन : ‘सर्व्हायव्हर’च्या निवेदनाविषयी काही निरीक्षणे

दूरचित्रवाणीवरील वास्तव-स्पर्धांविषयीच्या चर्चेत ‘व्यूहरचना’ आणि ‘माणसे जोडण्याचे कौशल्य’ असे द्वंद्व बहुधा गृहीत धरले जाते. या द्वंद्वाचा उगम स्पर्धकांच्या वर्तनात नसून त्या वर्तनाच्या निवेदनपद्धतीत आहे, असे प्रस्तुत लेखात सुचवावयाचे आहे. त्यासाठी ‘सर्व्हायव्हर’ हा अमेरिकी कार्यक्रम विचारात घेतला आहे. १९९७ साली स्वीडनमध्ये ‘एक्स्पेडिशन रॉबिन्सन’ या नावाने जे प्रसारित झाले त्याचेच हे २००० सालचे अमेरिकी रूप. मूळ नावात रॉबिन्सन क्रूसोचे स्मरण आहे. परंतु दीर्घकाळ एकाकी राहिलेल्या क्रूसोपुढे जो प्रश्न कधी उभा राहिला नाही तोच येथे केंद्रस्थानी येतो. ज्यांना आपण बाहेर काढले त्यांच्याकडूनच मान्यता कशी मिळवावयाची?

स्पर्धेची रचना या प्रश्नाभोवती बांधलेली आहे. स्पर्धक मतदानाने एकमेकांना बाद करतात आणि बाद झालेल्यांपैकी शेवटच्या काहींचे पंचमंडळ दहा लाख डॉलरचा विजेता निवडते. पहिल्या पर्वात १६ स्पर्धक आणि ३९ दिवस होते. युती बांधून खेळणारा रिचर्ड हॅच केली विग्लस्वर्थवर ४ विरुद्ध ३ मतांनी विजयी झाला. त्या प्रसंगी स्यू हॉक या पंचाने केलेले भाषण प्रसिद्धच आहे : तिने एकीला उंदराची, दुसऱ्याला सापाची उपमा दिली आणि मत सापाला दिले. मात्र दुसऱ्या एका पंचाने दोघांना एक ते दहामधला एक आकडा सांगावयास लावून आपले मत ठरविल्याचे भासविले, याची आठवण सहसा काढली जात नाही. एका मताने लागलेल्या निकालात ही गोष्ट क्षुल्लक म्हणता येणार नाही. पण ‘व्यूहाचा विजय’ या कथानकात ती बसत नाही.

कॅमेऱ्यासमोर एकट्याने दिलेले मनोगत हा या संहितेचा खरा निवेदक होय. तेथे स्पर्धक आपले हेतू बोलून दाखवितो. हेतू भाषेत मांडता येतो, म्हणून डावपेच दिसतात. शेजारी बसून कोणाचे ऐकून घेणे, रागाच्या क्षणी गप्प राहणे यांना मनोगतात फारसे स्थान मिळत नाही. गॉफमनच्या परिभाषेत बोलावयाचे तर मागील रंगमंच प्रेक्षकांना खुला आहे आणि सहस्पर्धकांना बंद. प्रेक्षकाची संहिता एक, पंचांची दुसरी. पंच मनोगते ऐकत नाहीत. त्यांनी फक्त सहवास अनुभवलेला असतो.

२००९ सालच्या सामोआ पर्वात या दोन संहितांतील अंतर उघडे पडले. रसेल हँट्झ याने सुरुवातीलाच सोबत्यांच्या पाण्याची भांडी रिती केली, एकाचे मोजे जाळले; पुढे कोणत्याही सूचनेविना संरक्षक चिन्हे शोधून काढली. हे सारे त्याने मनोगतांतून प्रेक्षकांना रंगवून सांगितले. प्रेक्षकांनी आपल्या मतांनी त्याला एक लाख डॉलरचे पारितोषिक दिले, तर पंचांनी ७ विरुद्ध २ मतांनी नॅटली व्हाइटला विजयी केले. तिच्याविषयी ‘ती रसेलच्या आडोशाने आली’ असे म्हटले गेले. परंतु दोन गट एकत्र आल्यावर संख्येने दुबळ्या गटातील नॅटलीनेच प्रतिपक्षातील स्त्रियांशी बोलून एरिकला बाद करण्याची कल्पना त्यांच्यात रुजविली होती. याला व्यूह म्हणावयाचे नाही तर काय? अखेरीस त्याच एरिकने पंचमंडळासमोर तिची बाजू मांडली.

आपल्या राजनीतीच्या परिभाषेत ‘साम’ हा चार उपायांतला पहिला मानला गेला आहे, ही गोष्ट येथे आठवावी. साम आणि भेद यांना परस्परविरोधी प्रवृत्ती समजण्याचे कारण तेथे पडत नाही. ‘सर्व्हायव्हर’च्या प्रेक्षकाला मात्र भेद कर्तृत्व वाटतो, साम निव्वळ स्वभाव. आणि हा ‘स्वभाव’ बहुतेक वेळा स्त्रियांच्या पदरात टाकला जातो. पुढचेच पर्व सामोआचा निकाल जाहीर होण्यापूर्वी चित्रित झाल्यामुळे रसेल आपल्या पराभवाविषयी अनभिज्ञ राहूनच तसाच खेळला. तेथे सँड्रा डियाझ-ट्वाइन ६ मते मिळवून दुसऱ्यांदा जिंकली, पार्वती शॅलोला ३ मिळाली, रसेलला एकही नाही. सँड्राचे धोरण एवढेच होते की आपल्यावाचून इतर कोणीही जावे. इतके साधे धोरण निवेदनाला फारसे काही पुरवीत नाही, हे खरे.

पुढे पंचच प्रेक्षक म्हणून वाढलेल्या पिढीतून येऊ लागले आणि अखेरच्या सभेत ‘तू कोणत्या मोठ्या चाली केल्यास?’ हा प्रश्न रूढ झाला. ३५व्या ते ४०व्या पर्वापर्यंत, म्हणजे २०१७ ते २०२० या काळात, सलग सहा पुरुष विजयी झाले. हा निव्वळ योगायोगही असू शकेल; मला तो तसा वाटत नाही. वाचकाने पंचाची जागा घेतली की जे बोलले गेले नाही ते घडलेच नाही, असे ठरते. २०२१ मध्ये एरिका कासुपानन हिने ही मालिका खंडित केली. तिने मनोगतात स्वतःला कोकराच्या वेशातील सिंह म्हटले होते. साप आणि उंदीर ही नावे पहिल्या पर्वात पंचाने दिली होती. एकविसाव्या वर्षी आपले रूपक स्पर्धक स्त्रीला स्वतःच, तेही मनोगताच्या खोलीतून, पुरवावे लागले.