झाकली मूठ खरंच सव्वा लाखाची?

ऑनलाइन पोकर खेळत असाल तर हा क्षण तुमच्या ओळखीचा असेल. तुम्ही मोठी बेट लावता, समोरचा बराच वेळ घेतो आणि शेवटी पानं टाकून देतो. पॉट तुमचा. तुमच्या हातात काय होतं हे कुणालाच कळलेलं नाही. तेवढ्यात स्क्रीनवर काही सेकंदांसाठी एक बटण येतं : पानं दाखवायची का? सक्ती अजिबात नाही. तीन पत्तीत शो मागायला पैसे मोजावे लागतात. इथे मात्र तीच माहिती तुम्ही फुकट देऊन टाकू शकता.

द्यावी का? यावर दोन सल्ले मिळतात. पहिला : कधीच दाखवू नका, झाकली मूठ सव्वा लाखाची. दुसरा : अधूनमधून ब्लफ दाखवा, म्हणजे लोक तुम्हाला उडाणटप्पू समजतील आणि खरोखर चांगली पानं येतील तेव्हा पैसे घालतील. माझा पीएचडीचा विषय 'स्वेच्छेने माहिती उघड करणं' हाच असल्यामुळे मित्रमंडळी मला निकाल विचारतात. मला दोन्ही सल्ले अर्धवट वाटतात. का, ते सांगते.

आधी छोटा हिशोब. हॅरॉल्ड कून या गणितज्ञानं १९५० मध्ये फक्त तीन पानांचा पोकर मांडला : राजा, राणी, गुलाम. दोघांना एकेक पान, दोघांची एकेक चिप पॉटमध्ये. समजा समोरच्याकडे राणी आहे, त्यानं बेट लावली नाही, आणि तुम्ही एक चिप लावलीत. तुमच्याकडे राजा तरी आहे किंवा गुलाम. त्याला एक चिप घालून तीन जिंकायच्या आहेत. म्हणजे तुमच्या चार बेटींपैकी एक ब्लफ असेल तर घातली काय, न घातली काय, त्याला सारखंच. चारात एकापेक्षा जास्त ब्लफ असतील तर त्यानं घालावी, कमी असतील तर पान टाकावं. २५ टक्के ही सीमारेषा.

आता त्याला तुमचा स्वभाव माहीत नाही. तुम्ही सावध असाल तर १०० बेटींत १० ब्लफ, धीट असाल तर ४०. दोन्ही शक्यता त्याला सारख्याच वाटतात, म्हणून सरासरी अंदाज बरोबर २५. आणि समजा तुम्ही दुसरा सल्ला मानलात : ब्लफ जमला की दाखवायचा, एरवी गप्प.

कागदावर १०० बेटी मांडू. ५० सावध माणसाच्या, त्यात ब्लफ ५. ५० धीट माणसाच्या, त्यात ब्लफ २०. एकूण २५ ब्लफ, पैकी २० धीट माणसाचे. म्हणजे ब्लफ दिसला की तुम्ही धीट असण्याची शक्यता ८० टक्के, आणि पुढच्या बेटीबद्दलचा त्याचा अंदाज २५ वरून ३४ वर जातो. वा! आता तो पैसे घालणार. सल्ला बरोबर ठरला की!

थांबा. उरलेल्या ७५ वेळा तुम्ही गप्प होतात, त्याचं काय? त्या ७५ पैकी ३० बेटी धीट माणसाच्या, म्हणजे ४० टक्के. अंदाज २५ वरून २२ वर उतरतो. २५ वेळा ३४ आणि ७५ वेळा २२, सरासरी काढा : पुन्हा २५. पान दाखवून जेवढं वर ढकललंत, तेवढंच गप्प राहून खाली आणलंत. 'फक्त ब्लफ दाखवायचा' हा नियम पाळणारा माणूस खरं तर प्रत्येक डाव उघडा करत असतो. त्याचं न दाखवणं हेही दाखवणंच.

हा माझा शोध नाही. कामेनिका आणि गेन्ट्झको या अर्थशास्त्रज्ञांच्या २०११ च्या पेपरचा पायाच हा आहे : शहाण्या माणसाचा अंदाज तुम्ही वरखाली हलवू शकता, त्याची सरासरी हलवू शकत नाही. दोघांच्याच खेळात एकाचा फायदा तो दुसऱ्याचा तोटा असल्यानं समोरच्याला मिळालेली जादा माहिती त्याचं नुकसान करत नाही, म्हणजे तुमचा फायदाही करत नाही. इथवर पहिला सल्ला जिंकला.

पण या सल्ल्यामागची समजूत चुकीची आहे. त्याला वाटतं, सगळी किंमत गुपितात आहे. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दोघांचा, ठरावीक बेटींचा टेक्सस होल्डेम जवळजवळ पूर्ण सोडवला आणि 'सेफियस' या त्यांच्या प्रोग्रामची खेळायची पद्धत कुणालाही बघता येईल अशी वेबवर ठेवली. सगळं उघडं असूनही सेफियसला दीर्घकाळात हरवता येत नाही, कारण त्याच्या ब्लफचं प्रमाणच बरोबर आहे. मूठ झाकायची गरज आपल्यासारख्यांना, ज्यांचं प्रमाण चुकलेलं असतं.

मग दाखवून फायदा कधीच होत नाही का? होतो, समोरचा तुमचं पान वाचतो पण तुमचं गप्प राहणं वाचत नाही तेव्हा. आणि माणसं बहुधा अशीच असतात. जिन, लूका आणि मार्टिन यांचा २०२१ चा प्रयोग मला यासाठी आवडतो. एकाला १ ते ५ मधला एक आकडा कळतो. तो खरा सांगायचा किंवा काहीच सांगायचं नाही, खोटं बोलायची सोय नाही. दुसऱ्यानं आकडा ओळखायचा. पहिल्याला दुसऱ्याचा अंदाज मोठा हवा असतो. तर्क सांगतो की गप्प बसणाऱ्याकडे १ च असणार. प्रत्यक्षात ऐकणारे गप्प बसण्यावर पुरेसा संशय घेत नाहीत, आणि लपवणाऱ्यांना ते बरोबर ठाऊक असतं.

पण या प्रयोगावरून थेट 'दाखवा ब्लफ' असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. त्याच प्रयोगाची दुसरी बाजू अशी, की ऐकणाऱ्यांचा हा भाबडेपणा पुन्हा पुन्हा निकाल बघायला मिळेपर्यंतच टिकतो. ऑनलाइन टेबलावर निकाल दर मिनिटाला मिळतो. शिवाय नियमित खेळणारे डावांची नोंद ठेवणारी सॉफ्टवेअर वापरतात. तुम्ही किती वेळा बेट लावलीत, किती वेळा पानं उघडली, सगळं मोजलेलं. जो विसरत नाही त्याच्यापुढे नाटक चालत नाही. आणि जो नोंद ठेवत नाही, तो बऱ्याचदा पाच डावांनी टेबल सोडून जातो. तुमची प्रतिमा तयार केली कुणासाठी?

म्हणून माझा निकाल असा : दाखवायचं तर तीन गोष्टी एकत्र हव्यात. समोरचा अजून बराच वेळ तिथेच असावा, तो शांततेचा अर्थ लावणारा नसावा, आणि दाखवल्यानंतर आपण खेळ कसा बदलणार हे आपलं आधीच ठरलेलं असावं. तिसरी गोष्ट बहुतेकांकडे नसते. माझ्याकडेही नव्हती.

आम्ही शाळेतल्या पाच जणी रविवारी रात्री नुसत्या चिप्सवर खेळतो (पैशांचा ऑनलाइन पोकर भारतात २०२५ च्या कायद्यानं बंदच केलाय). हरेल तिनं पुढच्या भेटीत मिसळ द्यायची. मागे मी एक सुरेख ब्लफ जमवला आणि लगेच दाखवला. हेतू डावपेचाचा नव्हता, 'बघ, कशी फसवली' एवढंच होतं. पुढच्या अर्ध्या तासात मी आधीसारखीच ब्लफ करत राहिले आणि मैत्रिणी दर वेळी शांतपणे चिप्स घालत राहिल्या. मिसळ माझ्याकडे लागली.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट टोचत होती, तीही सांगते. प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात मी एकच प्रश्न चार पद्धतींनी तपासला होता आणि जी पद्धत जमली तीच लिहिली होती. गाईडनी मसुदा वाचून विचारलं, "बाकीच्या तीन कुठे आहेत?" मी म्हणाले, "त्यात काही मिळालं नाही." लिहिलेलं सगळं खरं होतं. तरी वाचणारा माझ्या गप्प राहण्याचा अर्थ लावणार नाही, यावरच मी भिस्त ठेवली होती. पोकरमध्ये हे चालतं, कारण समोरचा प्रतिस्पर्धी असतो आणि मूठ झाकायचा हक्क दोघांनाही सारखाच आहे. प्रबंध वाचणारा माझ्याविरुद्ध खेळत नाहीये.

तिन्ही पद्धती आता प्रकरणात घातल्या आहेत. प्रकरण आधीपेक्षा फिकं दिसतंय. पुढच्या आठवड्यात गाईडना दाखवायचंय.